पूजेला बसलेली काळी नळी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई लहानपणापासून म्हणते. खोटं नाही ते. जेवताना मी मध्येच उठते, वर्गात शिकवताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारते, आणि देवळाच्या रांगेत उभी राहिले तर पुढच्या बाईला माझ्या चुळबुळीचा त्रास होतो. तंजावूरच्या एका शाळेत मी गणित शिकवते. मुली माझ्या माघारी मला 'पंखा' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

सबंध आठवड्यात मी एकाच ठिकाणी स्वस्थ असते. रविवारी सकाळी, तिरुवैयारूच्या रस्त्यावर, आमच्या क्लबाच्या रेंजवर. चटईवर पालथी पडायचं, गालाला रायफलीचा दस्ता लावायचा, अर्धा श्वास सोडायचा, की मन थांबतं. माझी रायफल पॉइंट टू टूची आहे, म्हणजे बंदुकांतली सगळ्यात धाकटी. हिला रिमफायर म्हणतात, कारण आतली पिन काडतुसाच्या बुडाला मधोमध न लागता कडेला लागते. शिकार नाही, काही नाही. पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची आणि घरी येऊन इडल्या खायच्या. लोकांना हसू येतं. येवो.

रायफल माझ्या नावावर, परवाना माझ्या नावावर, आणि मी सांगते त्या नवरात्रात परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कलेक्टर कचेरीत पडून होता. तो परवाना गेला तर माझे रविवार गेले, एवढं मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. नवरा नाही, मूल नाही, आई आहे आणि रायफल आहे. आईला मी हे बोलून दाखवलं तर ती रुसेल, पण खरं ते खरं.

त्यात तक्रारीची भानगड उपटली. रेंजच्या मागे कालवा आहे, कालव्यापलीकडे नारळीची बाग होती. बाग विकली गेली आणि तिथं एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी घर बांधलं. सगळे त्यांना मामी म्हणतात, आम्हीही म्हणतो. रविवारी सकाळी त्यांच्याकडे मुली शिकायला येतात, नेमक्या आमच्या वेळेला. मुलींनी वरचा षड्ज लावला की इकडून ठप. मामींनी कचेरीत अर्ज दिला, आणि कचेरीनं क्लबाला कळवलं, की आवाजाचं काहीतरी करा.

माझं डोकंच फिरलं. रेंज किती वर्षांची जुनी! बाई, घर बांधताना तुमचे कान कुठे होते? हे मी क्लबाच्या बैठकीत बोलले, आणि मामी आईच्या भजनातल्या मैत्रीण असल्यामुळे घरी मात्र गिळून टाकलं. माझा राग असाच आहे, बाहेर फटाका आणि घरात फुसका.

त्याच सुमारास धाकटा भाऊ नवरात्रासाठी न्यूझीलंडहून आला. फोनवर आईनं त्याला तक्रारीचं पुराण ऐकवलेलं होतंच. आल्या संध्याकाळी त्यानं बॅग उघडली, चॉकलेटं काढली, आईसाठी स्वेटर काढला (तंजावूरला!), आणि पायमोज्यांच्या जोडीतून एक काळी, गुळगुळीत, वीतभर नळी काढून माझ्या हातात ठेवली.

"अक्का, तुझ्या तक्रारीवर औषध."

मी ओळखलं. सायलेन्सर. चित्रांत पाहिला होता, हातात कधी घेतला नव्हता. वाटला त्यापेक्षा हलका होता.

"हे कुठून आणलंस रे?"

"दुकानातून. तिथं भाजीसारखं मिळतं. सशांच्या मागे रान तुडवणारा प्रत्येक शेतकरी लावतो. न लावणाऱ्याला लोक उद्धट समजतात. शेजारधर्म आहे तो."

"आणि विमानतळावर कुणी विचारलं नाही?"

"नळी आहे अक्का, बॉम्ब नाही."

मला तिडीक आली आणि त्याच वेळी गहिवरूनही आलं. हा मुलगा वर्षातून एकदा येतो, बहिणीची अडचण लक्षात ठेवतो, आणि सामानातून हे आणतो. मी त्याला मास्तरणीच्या थाटात समजावायला बसले. पहिली गोष्ट, नळी लावायला बॅरलच्या तोंडाला आटे हवेत, माझ्या रायफलीला ते नाहीत. तो म्हणाला, गावात लेथवाले काय कमी आहेत? मी म्हटलं, अरे, परवान्यावरची रायफल ही. लेथवाल्याकडे नेली तर तो आत आणि मी आत. परवानेवाला कारागीरसुद्धा या कामाला हात लावणार नाही.

दुसरी गोष्ट, स्पर्धेत हे चालतच नाही. सराव एका वजनाच्या रायफलीवर आणि स्पर्धा दुसऱ्या, असं करून कागदावरचं भोक कुठल्या कुठे जाईल. बॅरलच्या टोकाला एवढंसं ओझं लटकलं तरी गोळी आपली जागा बदलते. तिसरी गोष्ट, आम्ही वापरतो ते काडतूस मुळातच आवाजाच्या वेगापेक्षा हळू जातं. हवा फाटल्यासारखा कडाका त्याला नसतोच, नुसता तोंडाशी ठप होतो. नळी लावून तो ठप म्हणजे टेबलावर पट्टी आपटल्यासारखा होईल, पण गोळी पलीकडे लोखंडाच्या पत्र्यावर आदळते त्याचं काय? मामींना बहुतेक तोच टणत्कार जास्त ऐकू येत असणार. शिवाय या काडतुसांचं शिसं इतकं घाणेरडं, की नळी आतून कोळशाच्या चुलीसारखी होईल.

"म्हणजे उपयोग नाही?" त्यानं विचारलं. त्याचा चेहरा इतका पडला, की मी उरलेलं बोललेच नाही. उरलेलं म्हणजे, आपल्याकडे हे लावायला परवानगी नाही. लावणार नाही तर नुसती नळीच आहे, असं मी मनाशी म्हटलं. सण झाला की वकीलमामांना विचारू. मी ती रायफलीच्या कपाटात ठेवली आणि किल्ली नेहमीच्या जागी, देवघरातल्या डब्यात टाकली.

आता आमच्या घरची आयुधपूजा सांगायला हवी. आम्ही मराठी असलो तरी इतक्या पिढ्या इथं गेल्या, की घरात कोलूच्या पायऱ्या मांडल्या जातात, बाहुल्या बसतात, संध्याकाळी बायका येतात, त्यांना हळदकुंकू आणि सुंडल मिळतं. हरभऱ्याची, वाटाण्याची, रोज निराळी उसळ. नवमीला पाटावर आयुधं बसतात. आयुध म्हणजे ज्याच्यावर आपलं पोट किंवा जीव चालतो ते सगळं. माझी लाल पेनं, आईचा अडकित्ता, विळी, भावाचा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध रायफल. दरवर्षी मी बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी सुटतच नाही तो आतला दांडा, काढून वेगळा कुलुपात ठेवते आणि दरवर्षी आई म्हणते, अर्धं हत्यार देवाला चालत नाही. दरवर्षी मी बॅरलच्या तोंडात कापडाचा बोळा घालते, नाहीतर आई तिथेही गंध भरेल. आणि एकदा पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या पूजेपर्यंत उठवायची नाही. पुस्तक वाचायचं नाही, सुरी वापरायची नाही, पेन धरायचं नाही. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पोरं हा नियम फार मनापासून पाळत असू.

त्या नवमीला शाळेतल्या पूजेहून मी दुपारी घरी आले. रायफल आणि बोल्टचं माझं मी सकाळीच करून गेले होते. बाकीची मांडामांड आईनं नंतर केली होती. पाटावर नजर गेली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रायफलीशेजारी, लाल पेनांच्या जरा वर, ती काळी नळी. गंधाचे तीन ठिपके, त्यांवर कुंकू, वर जास्वंदीचं फूल.

"आई, ही इथं कशी?"

"कपाटात होती की. लेकरानं एवढ्या लांबून आणली, तिला पूजा नको?"

मी हात पुढे केला. आईनं माझ्या मनगटावर चापट मारली. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस.

तेवढ्यात फोन वाजला. वकीलमामा, आईचे चुलतभाऊ, जन्मभर फौजदारी वकिली केलेले. ते कधी हॅलो म्हणत नाहीत.

"तुझ्या भावानं आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. पाटावर ते काय आहे?"

मी सांगितलं.

"लावलंय?"

"नाही मामा. लागतच नाही. आटेच नाहीत."

"लावण्याचा प्रश्न नाही गं. जवळ असणं हाच प्रश्न. बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करायला बनवलेली वस्तू साध्या माणसानं घरात ठेवायची नाही, असा शस्त्र कायदा आहे. पाटावर ठेवली काय आणि माळ्यावर ठेवली काय. वर ती परदेशातून आणलेली, म्हणजे कस्टमचं आणखी वेगळं. तुझा परवाना नूतनीकरणाला आहे ना?"

"आहे."

"मग ग्रुपवरचा फोटो पुसायला सांग, वस्तू उचल, आणि मी उद्या सकाळी येतो. कुठे टाकून देऊ नकोस. फोटो किती जणांनी पाहिला कोण जाणे. टाकून दिलीस तर लपवल्यासारखं होईल."

भावानं फोटो पुसून टाकला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं ते राहून गेलं. तो म्हणाला, अक्का, मी ती परत घेऊन जातो. मी म्हटलं, हो, आणि विमानतळावर पकडला जा, म्हणजे आई मरेल. तो म्हणाला, मग कालव्यात टाकू. मी म्हटलं, मामांचं ऐकलंस ना?

पण नळी पाटावरून हलेना. आई पाटासमोर मांडी घालून बसली होती. मी तिला कायदा सांगितला, तिनं मला शास्त्र सांगितलं. बसलेली वस्तू उठवली की घरातल्या कुणाचा तरी हात अडतो, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. आता हात कुणाचा अडणार, तर आणणाऱ्याचा. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलाचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात टेकले. उद्या सकाळी उठेलच ना, एका रात्रीचा तर प्रश्न, असं स्वतःला सांगितलं आणि जास्वंदीची जाड माळ करून नळीवर घातली.

संध्याकाळ झाली आणि बायका येऊ लागल्या. मी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि स्वयंपाकघरापासून पाटापर्यंत अशा येरझाऱ्या घालत होते. प्रत्येक बाई कोलू बघायची आणि मग पाटाकडे वळायची, कारण बंदूक पूजेला असलेलं घर गल्लीत आमचंच. मी मध्ये उभी राहायची. पातळाचा पदर पसरून, पुतळ्यासारखी. एकीनं विचारलं, कंबर दुखते का? मी हो म्हटलं.

शेवटी मामी आल्या. कालव्यापलीकडून रिक्षा करून आल्या होत्या. माझा जीव टांगणीला लागला. आम्ही दोघी तोपर्यंत कधी समोरासमोर बोललो नव्हतो. मामी उंच, सावळ्या, हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या, आणि बोलायला इतक्या मऊ की मला माझ्या बैठकीतल्या बडबडीची लाज वाटली. आईच्या आग्रहावरून त्या कोलूसमोर गायल्या. मी भिंतीला टेकून ऐकलं. खोटं कशाला बोलू, त्या आवाजावर कुणी ठप केलं असतं तर मीही अर्ज केला असता.

गाणं झालं. त्या नमस्काराला पाटाशी वाकल्या, आणि मी सुंडलाचं पान घेऊन येईपर्यंत त्यांनी विचारलं, "ही रविवारची बंदूक का? आणि शेजारी माळ घातलेलं काय?"

मी तोंड उघडलं. आई माझ्याआधी बोलली. "मामी, ते तुमच्यासाठीच. तुमच्या मुलींना त्रास होऊ नये म्हणून माझ्या लेकानं परदेशातून आणलंय. बंदुकीला लावलं की आवाज बंद."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी एवढं केलंत? आणि मी मेली अर्ज देऊन बसले." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सुट्टी संपली की मी स्वतः कचेरीत जाते. लिहून देते, की तक्रार नाही. सांगते त्यांना, की या लोकांनी माझ्याकरता परदेशातून यंत्र आणवलं."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. हसू आलं, खरंच आलं, आणि लगेच विरलं. लिहून देऊ नका म्हणावं तर का म्हणून सांगावं लागेल. का ते सांगितलं तर आईच्या समोर सांगावं लागेल, की बाई गं, तुझ्या प्रेमानं माझा गळा धरलाय. भाऊ कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता, लहानपणी काच फोडल्यावर बघायचा तसा. मी मामींच्या हातात पान दिलं आणि म्हटलं, सावकाश खा, मिरची जरा जास्त पडलीय.

सकाळी आईनं पूजा केली, फूल काढलं, पाट हलवला. "घे आता, कुठे न्यायची ती ने," म्हणाली. मामा ओसरीवर येऊन बसलेले होतेच. कचेरीला सुट्टी होती, पण पोलीस स्टेशनला सुट्टी नसते. मामा म्हणाले, "त्या बाई कचेरीत जाऊन बोलायच्या आत आपण आपल्या तोंडानं सांगायचं. घडलं तसं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही." मी विचारलं, परवाना वाचेल का? ते म्हणाले, "तू वाचशील. भाऊ बहुतेक वाचेल. परवान्याचं मी सांगत नाही."

नळी आणि रायफल घेऊन आम्ही तिघं गेलो. गंधाचे ठिपके वाळून नळीवर तसेच होते. टेबलामागच्या साहेबांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "पूजा केली?" मी म्हटलं, होय साहेब, आईनं. त्यांनी भावापुढे कोरा कागद सरकवला. भावानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की मी आणली, बहिणीनं मागितली नव्हती. त्याला कस्टमचा दंड बसला, मामांनी हमी दिली, आणि तो ठरल्या विमानानं परत गेला. नळी जप्त झाली. माझी रायफल, 'निर्णय होईपर्यंत' म्हणून, त्यांनी ठेवून घेतली. पावतीवर सही करताना मी एवढंच सांगितलं, की बॅरलच्या तोंडात कापडाचा बोळा आहे, तो कुणीतरी काढा, गंज धरेल.

सुट्टी संपल्यावर मामी कचेरीत गेल्या आणि कबूल केल्याप्रमाणे मनापासून लिहून दिलं. मामा म्हणाले, आपण आधी गेलो नसतो, तर त्याच कागदावरून पोलीस तुला न्यायला घरी आले असते.

आणि गंमत बघा, आवाजाचं काम किती सोपं होतं. क्लबानं पत्र्यासमोर वाळूची पोती रचली, कालव्याच्या बाजूला मातीचा बांध चढवला, आणि रविवारची वेळ मुलींचा क्लास सुटल्यानंतरची केली. एवढंच. हे मला बैठकीत आरडाओरडा करण्याऐवजी सुचलं असतं तर? पण मी तेव्हा भांडत होते.

आईला मी खरं सांगितलं नाही. रायफल आता क्लबातच ठेवतात, नवा नियम आहे, असं सांगितलं. रविवारी सकाळी मी स्कूटर काढते आणि कालव्याच्या कडेनं फिरून येते. कधी तिरुवैयारूपर्यंत जाते, नदीच्या पायऱ्यांवर बसते, लगेच उठते. एकदा घरातच चटई टाकून पालथी पडून पाहिलं. गाल टेकायला काही नाही, तर श्वास कुठे सोडायचा ते कळेना.

पुढच्या नवरात्रात पाट मांडला गेला. अडकित्ता, विळी, लाल पेनं, आणि मध्ये मोकळी जागा. निर्णय अजून व्हायचाच होता. आजही व्हायचा आहे. संध्याकाळी मामी आल्या, गायल्या, सुंडल खाल्लं. बायकांनी घर भरलं होतं. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "माझ्या लेकानं ती नळी आणली, एकदाच पूजेला बसवली बघा, तेव्हापासून मामींना आवाजाचा म्हणून त्रास नाही."

"एकदाही नाही," मामी म्हणाल्या. "देवाचीच कृपा."

तोंडाशी आलं होतं माझ्या. अगदी दातांशी. आईचा चेहरा असा फुलला होता, की ते सगळं परत खाली ढकललं आणि आणखी सुंडल आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. तिथं ओट्याला टेकून उभी राहिले. हातात रिकामा डाव होता. किती वेळ गेला कोण जाणे, मी बोटसुद्धा हलवलं नाही.

बाहेरून आईची हाक आली, "अगं, कुठे गेलीस? एका जागी म्हणून थांबत नाही ही मुलगी."